देस्पाबाईंच्या शाळेची डेग

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची डेग आहे. माझ्या बुडाला मुठीएवढे भोक पडले आहे, कड एका बाजूने चेपली आहे आणि पोटात वाळकी पाने साचली आहेत. बुकोवेत्स गावच्या शाळेच्या अंगणात, कुलूप लागलेल्या दारासमोर मी पडून असते. वय विचाराल तर पावणेदोनशेच्या पुढे. पण माझी गोष्ट सांगू लागले की ती एका बाईच्या गोष्टीत जाऊन मिळते. त्याला माझा इलाज नाही.

मला घडवले हालील उस्तादने. आमच्या गावात चर्चची घंटा वाजे तशी मशिदीतली बांगही ऐकू येई, आणि तांब्याचे काम म्हटले की दोन्हीकडचे लोक हालीलच्याच दुकानी जात. अकरा दिवस तो मला ठोकत होता. शेजारी कोणी बसले की सांगायचा, "हिचं पोट असं हवं की आग आतपर्यंत कळली पाहिजे, पण फुलं करपता कामा नयेत. नाहीतर अत्तराला धुराचा वास लागतो आणि माझ्या नावाला शिव्या."

कारण मी गुलाबाची डेग होते. मे महिन्यात तीन आठवडे आमचे खोरे गुलाबी होते. बायका उजाडण्यापूर्वी मळ्यात जातात, कारण ऊन चढले की निम्मा सुगंध उडून जातो. ती फुले पोत्यापोत्याने माझ्या पोटात पडायची, वर पाणी, खाली लाकडांची आग. माझी वाफ नळीतून गार पाण्याच्या पिंपात जायची आणि दुसऱ्या टोकाला थेंब थेंब गुलाबपाणी व्हायचे. त्याच्यावर जो पिवळसर तवंग येई, ते अत्तर. त्याच्यावर गाव जगत होते.

मला विकत घेतले मिंचो नावाच्या व्यापाऱ्याने. नदीपर्यंतचे मळे त्याचे होते. त्याच वर्षी त्याने लग्न केले. देस्पा सतरा वर्षांची, एका गिरणीवाल्याची मुलगी. श्रीमंत घरच्या बायका भट्टीकडे फिरकत नसत, पण ही बाह्या वर सारून आगीपुढे बसायची. थेंबांच्या आवाजावरून लाकूड कधी ओढायचे ते तिला कळे. तेवढे मिंचोलाही कळत नसे. एकच गोष्ट तिला येत नव्हती. बाटल्यांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवताना ती कधीकधी उलट्या लावायची. मिंचो हसून म्हणायचा, "अगं, मला डोक्यावर उभं केलंस की!" ती हसायची, पण कानापर्यंत लाल व्हायची.

लग्नाला सात वर्षे झाली होती. मूलबाळ नव्हते. त्या वर्षी मिंचो माल घेऊन डॅन्यूबच्या काठच्या बंदरात गेला आणि हंगामाला परत आला नाही. ऐन हंगामात त्याचे पत्र आले. देस्पा भट्टीवर होती. तिने पत्र धाकट्या दिराला दिले. वल्को त्याचे नाव. चांगला शिकलेला, व्यवहाराला पक्का. तो माझ्याजवळ उभा राहून पत्र वाचत होता. वाचून झाल्यावर त्याने फुलांच्या पोत्यांकडे एकदा पाहिले.

"काय म्हणतात?" देस्पाने विचारले.

"मजेत आहे दादा. भाव चांगला मिळतोय म्हणतो. हंगाम नीट आटपा म्हणतो."

"एवढंच? पान तर भरलेलं दिसतंय."

"बाकी सगळ्यांना नमस्कार आहेत, वहिनी. एकेकाचं नाव वाचत बसू का?"

ती हसली. पत्र तिने पोलक्यात ठेवले आणि माझ्याखाली लाकूड सारले. मी त्या दिवशी नेहमीसारखीच उकळत होते. मित्रांनो, मला वाचता आले असते तर, असे मी नंतर किती वेळा मनाशी म्हटले असेन! पण मी डेग होते, आणि ती माझ्याहून वेगळी नव्हती.

महिन्याने एका गाडीवानाने मिंचोचा कोट आणि घड्याळ आणून दिले आणि तो कोणत्या दिवशी गेला ते सांगितले.

पुढच्या हिवाळ्यात देस्पा डोंगरातल्या मठात जाऊन राहिली. तिथली मेलानिया नावाची जोगीण दर वर्षी आमच्याकडे गुलाबपाणी न्यायला येई. देस्पा तिला म्हणाली होती, "माझ्यापाशी त्यांची सात वर्षांची पत्रं आहेत, ताई. दर वेळी दुसऱ्याच्या तोंडून ऐकली. एकदा माझी मला वाचायची आहेत." चोवीस वर्षांची विधवा लहान मुलींच्या रांगेत बसून अक्षरे गिरवायला शिकली.

मे महिना आला. देस्पा भट्टीवर आली. माझ्यासमोर लाकडाच्या ओंडक्यावर बसली आणि तिने ते शेवटचे पत्र उघडले. बोट ठेवून वाचू लागली.

"दे-स्पा. मी... आ-जा-री आहे." ती थांबली. चुकले असेल असे वाटून पुन्हा सुरुवातीपासून वाचले. "मी आजारी आहे. इथे माझं को-णी नाही. पत्र मिळताच नीघ. सहा दिवसांचा रस्ता आहे. मी वा-ट पाहतो."

ती रडली नाही. माझ्याखालची आग विझत गेली, फुले अर्धवट शिजून वाया गेली, आणि देस्पा तिथेच बसून राहिली. वल्को आला आणि आधी आगीवरूनच ओरडला. मग त्याला तिच्या हातातला कागद दिसला.

"भाऊजी," ती म्हणाली, "हे तुम्ही वाचलं होतंत."

त्याने टोपी काढली. "वहिनी, तू निघाली असतीस तर हंगाम गेला असता. तुझ्यासारखी भट्टी सांभाळणारं दुसरं कोण होतं? मला वाटलं ताप आहे, उतरेल. फुलं थांबत नाहीत, वहिनी."

"ते थांबले होते," देस्पा म्हणाली. "पत्र आल्यावर तेरा दिवस थांबले होते."

त्यानंतर कितीतरी वर्षे त्या दोघांत कामापुरतेच बोलणे होत असे.

त्या हंगामानंतर देस्पाने वरच्या आळीतले आपले मोठे घर रिकामे केले. स्वतः मागच्या दोन खोल्यांत राहायला गेली आणि पुढच्या घरात मुलींची शाळा काढली. डोंगरापलीकडून दिमाना नावाची शिक्षिका आणली. उंच, किडकिडीत, सदा खोकणारी, आणि रागीट. मुली तिला 'बाई' म्हणत आणि चळाचळा कापत. देस्पाला मात्र सगळ्या मुली मावशी म्हणत. मी आता त्यांना देस्पाबाईच म्हणते.

पाणवठ्यावर बायका काय बोलत ते भट्टीवर येणाऱ्या मजुरणी माझ्यासमोर हसत हसत सांगायच्या.

"पैसा उतू चाललाय बाईचा. पोरींना अक्षर कशाला? चोरून चिठ्ठ्या लिहायला?"

"आणि लग्न कोण करणार त्यांच्याशी? नवऱ्याच्या चुका काढतील!"

देस्पाबाई घरोघर गेल्या. एका धनगराने दार अडवून विचारले, "पोरगी शाळेत बसली तर माझी शेरडं कोण राखणार? तुम्ही?"

"हो, मी," देस्पाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्याने खरोखरच नऊ शेरडे आणून भट्टीच्या अंगणात सोडली. थट्टाच करायची होती त्याला. देस्पाबाईंनी ती ठेवून घेतली. त्या हंगामात शेरडांनी दोन पोती गुलाब खाल्ले. मजुरणी म्हणायच्या, बुकोवेत्सच्या दुधाला वास येतोय! धनगराची मुलगी तीन वर्षे शिकली.

वीस-बावीस वर्षे असे चालले. माझ्या अत्तराला परदेशातल्या एका प्रदर्शनात पदक मिळाले. ते देस्पाबाईंनी माझ्या गळ्यात घालून पाहिले आणि मजुरणींना म्हणाल्या, "खरी मालकीण ही, आम्ही नुसत्या लाकडं सारणाऱ्या." माझी भावंडे वाढली, भट्टीवर सहा डेगी झाल्या. मे महिन्यात आम्ही सहाजणी उकळत असू आणि वरच्या आळीतून मुलींचा पाढे म्हणण्याचा आवाज येई. माझ्या आयुष्यातले सुख म्हणाल तर ते एवढेच.

मग लढाई आली.

आमच्यावर राज्य सुलतानाचे होते. उन्हाळ्याच्या मध्यावर त्याच्याशी लढणारे एक सैन्य आले, लोकांनी त्याच्यावर फुले टाकली. दोन आठवड्यांनी ते मागे हटले. त्याच्या मागून सुलतानाचे येत होते, आणि त्याच्याबरोबर विनागणवेशाचे, लुटीवर जगणारे टोळके. सकाळीच हालील उस्ताद काठी टेकत भट्टीवर आला. म्हातारा झाला होता. दम लागला होता.

"ताई, तांबं पुरा आणि आजच्या आज निघा. संध्याकाळची वाट बघू नका."

"कोण येतंय, उस्ताद?"

"माझेच लोक आहेत म्हणतात," तो म्हणाला. "मी ओळखत नाही त्यांना."

एवढे सांगून तो माझ्याकडे वळला, माझ्या पोटावर हात फिरवला आणि गेला. पुढे त्याचे लोकही गाव सोडून गेले. तो कुठे गेला, कुठे मेला, मला कधीच कळले नाही.

सहा डेगींतल्या आम्हा दोघींनाच पुरण्याइतका वेळ मिळाला. देस्पाबाई, दिमानाबाई आणि शाळेत राहणाऱ्या चौदा मुलींनी मळ्यात खड्डा केला. माझ्यावर माती पडली. वरून घोडी गेलेली मला जाणवली. मग जमीन गरम झाली. मित्रांनो, मी जन्मभर आगीवर बसले, पण वरून आलेली आग मी तेव्हा पहिल्यांदा अनुभवली. गुलाबाची झाडे मुळापर्यंत जळत होती. त्यानंतर सात महिने काहीच नाही. बर्फ पडला असावा, कारण माती घट्ट झाली. मला वाटले, सगळे मेले. माझी जागा ठाऊक असलेले कोणीच उरले नाही.

फेब्रुवारीत वरून खरवडण्याचा आवाज आला. फावडे नव्हते. एका फुटक्या कौलाने आणि हातांनी माती उकरत होते कोणीतरी. मग उजेड आला आणि एक चेहरा दिसला. गाल आत गेलेले, केस पांढरे झालेले. मी ओळखले नाही. त्यांनी माझ्या कडेला धरून "आहे गं, आहे!" म्हटले तेव्हा आवाजावरून ओळखले. देस्पाबाई.

चौदातल्या अकरा मुली परत आल्या होत्या. डोंगरापलीकडून परत येताना तिघी खिंडीतल्या बर्फात राहिल्या.

वरची आळी उरली नव्हती. शाळेच्या जागी काळी जोती होती. चर्चचे छप्पर नव्हते, पाद्रीबुवा मारले गेले होते. आमच्या भट्टीची छपरी मात्र अर्धी उभी होती, दगडी होती म्हणून. देस्पाबाई मुलींना घेऊन तिथे राहू लागल्या. मला चुलीवर चढवले. आता माझ्यात फुले नव्हती. पाणी, मूठभर पांढरा घेवडा, मीठ असले तर मीठ. गावातून आणखी मुली येऊ लागल्या, आईबाप नसलेल्या. एका वेळी तीस वाट्या माझ्यापुढे यायच्या आणि मी दहाव्या वाटीलाच तळ दाखवायचे. तेव्हा देस्पाबाई पाणी ओतायच्या, पुन्हा पाणी ओतायच्या. शेवटच्या मुलींना मिळे ते गरम पाणीच. त्या मुली तक्रार करत नसत, फुंकर मारून पीत. ते पाहण्यापेक्षा मातीखाली बरे होते, असे मला वाटे.

मग तापाची साथ आली. दिमानाबाई माझ्या शेजारीच पेंढ्यावर झोपून होत्या. देस्पाबाई त्यांचे कपाळ पुसत होत्या.

"पोरी काय करताहेत?" दिमानाबाईंनी विचारले.

"राखेत रेघोट्या ओढताहेत."

"सरळ ओढायला लावा. तिरप्या ओढतात मेल्या." थोड्या वेळाने म्हणाल्या, "रुसाला सातापर्यंत पाढे येतात. आठाचा राहिला." त्यांचे शेवटचे बोलणे ते हेच.

आता शिक्षिका नव्हती. पुस्तक नव्हते, पाटी नव्हती, कागदाचा कपटाही गावात नव्हता. आणि देस्पाबाई स्वतः किती शिकलेल्या? वाचता येत होते, बोट ठेवून. बेरीज येत होती. बस. शाळेला त्यांनी सगळे दिले होते, पण वर्गात कधी उभ्या राहिल्या नव्हत्या.

एका सकाळी मुली सरपणाला गेल्या असताना त्या माझ्यापाशी बसल्या आणि त्यांनी आपले डोके माझ्या थंड पोटाला टेकले. मला वाटले झोपल्या. पण त्या कुजबुजत होत्या. "मला नाही जमणार. देवा, मला नाही जमणार. पोटात घालायला नाही आणि मी यांना अक्षरं काय शिकवू? कशाला शिकवू?" बराच वेळ तेच. मग उठल्या. कपाळाला माझी काजळी लागली होती. आणि जिथे त्यांचे डोके टेकले होते तिथे काजळी पुसून माझे तांबे लाल दिसत होते. त्या त्याच्याकडे पाहत राहिल्या. मग एक काटकी घेऊन त्यांनी त्याच्या शेजारी एक अक्षर ओढले. काळ्यावर लाल. लख्ख उमटले.

त्या दिवसापासून मी पाटी झाले. आमटी झाली की मला खाली उतरवायचे, निवू द्यायचे आणि माझ्याभोवती मुली बसायच्या. काटकीने लिहायच्या. दुसऱ्या दिवशी आग लागली की मी पुन्हा कोरी. बारा वर्षांची रुसा सातापर्यंतचे पाढे सांगायची, आणि तीस मुलींबरोबर देस्पाबाईही ते म्हणायच्या. एकदा त्या चुकल्या तर एक चिमुरडी ओरडली, "मावशी, बेचाळीस! किती वेळा सांगायचं!" त्या हिवाळ्यात ती छपरी एकदाच हसली असेल, ती तेव्हा.

लिहायला मी होते. पण वाचायला काय? गावात छापलेले काहीच नव्हते. देस्पाबाई मुलींना घेऊन कबरस्तानात गेल्या. दगड जळत नाहीत. जुन्या दगडांवरची नावे मुली बोट ठेवून वाचायच्या आणि परत येऊन मला सांगितल्यासारखे एकमेकींना सांगायच्या. त्याच्यापलीकडे नवीन लाकडी क्रूस होते, रोज वाढत होते. त्यांच्यावर काहीच नव्हते. लिहिणारे उरले नव्हते.

अशात वल्को आला. बरोबर गावातले दोन म्हातारे होते.

"वहिनी, तुझ्यापाशी दोन डेगी आहेत. दोन्ही दे. त्याच्यावर बैलांच्या दोन जोड्या येतील. तीस पोरींना गरम पाणी पाजून गाव जगायचं नाही. नांगर हवा."

तो खोटे बोलत नव्हता. मार्च लागला होता, जमीन पडून होती.

"एक न्या," देस्पाबाई म्हणाल्या. "हिला हात लावायचा नाही."

"ही मोठी आहे. हिचे जास्त येतील."

"भाऊजी, हिच्यात माझी शाळा आहे."

"शाळा!" एक म्हातारा चिडून म्हणाला. "लोक मरताहेत, आणि बाईला शाळा सुचतेय. वेड लागलंय हिला."

"लागलंय," देस्पाबाई म्हणाल्या. "एक न्या आणि जा."

माझी बहीण गेली. तिला उचलताना तिचा आवाज झाला, तो अजून माझ्या कानात आहे.

दहा दिवसांनी वल्को पुन्हा आला. या वेळी एकटा. काखेत एक नवा क्रूस होता. खिंडीतल्या थंडीत त्याच्या उजव्या हाताची बोटे गेली होती, ते मी तेव्हा नीट पाहिले. तो दारातच उभा राहिला.

"वहिनी, स्ताना गेली. काल." स्ताना त्याची बायको. "पाद्रीबुवा नाहीत. माझा हात हा असा. शेजारी तीन क्रूस आहेत तसेच. उद्या पाऊस पडला, माती सारखी झाली की मला कळायचंही नाही ती कुठली."

माझ्याखालच्या निखाऱ्यात देस्पाबाईंनी एक खिळा तापत ठेवला. रुसाने क्रूस मांडीवर घेतला.

"काय लिहू, आजोबा?"

"स्ताना. वल्कोची बायको. पाच लेकरांची आई." तो दारातून आत आला. "लिही, चांगली होती."

"सगळं लिही, रुसा," देस्पाबाई म्हणाल्या. "ते सांगतील ते सगळं. एक शब्द गाळायचा नाही."

वल्को खाली बसला. तापल्या खिळ्याने लाकूड जळण्याचा वास येत होता. तो प्रत्येक अक्षर नीट पाहत होता. मग अगदी हळू म्हणाला, "वहिनी, त्या पत्राच्या दिवशी मी..."

"तिचं लिहून होऊ दे आधी."

लिहून झाले. तो क्रूस घेऊन उठला, पण गेला नाही. देस्पाबाईंनी माझ्यातली वाटीभर आमटी त्याच्या डाव्या हातात दिली. त्याने ती उभ्यानेच प्यायली. दुसऱ्या दिवशी त्याने आपली नात शाळेत पाठवली.

मग सगळेच येऊ लागले. पाणवठ्यावर हसलेल्या बायका, तो चिडलेला म्हातारा, सगळे काखेत क्रूस घेऊन माझ्यापुढे ओळीने बसायचे. आठ-नऊ वर्षांच्या मुली तापला खिळा धरून त्यांच्या माणसांची नावे लिहायच्या. गावाला आता शाळा हवी होती. पण देस्पाबाईंना यात आनंद झाला असे समजू नका. एकदा सगळे गेल्यावर त्या रुसाला म्हणाल्या, "बघ, मी तुम्हाला काय शिकवलं. मेलेल्यांची नावं लिहायला." आणि त्या हमसून हमसून रडल्या. नवरा गेला तेव्हा मी त्यांना रडताना पाहिले नव्हते.

साथ सरली तशी त्यांनी जमीन विकायला काढली. जळलेल्या गुलाबाला फूल यायला तीन-चार वर्षे लागतात. तेवढे थांबले असते तर त्या पुन्हा श्रीमंत झाल्या असत्या. वल्कोने हात जोडून सांगितले, "थोडं थांब, वहिनी. मुळं जिवंत आहेत."

"पोरी वाढताहेत, भाऊजी. त्या कुठं थांबताहेत?"

आधी वरच्या आळीतली घराची जागा गेली, मग टेकडीवरचे मळे, मग नदीकाठचे. त्यातून दगड आले, तुळया आल्या, काचा आल्या. भट्टीच्या शेजारीच शाळा उभी राहू लागली, चार खोल्यांची, मोठ्या खिडक्यांची. वल्को बोटे नसलेल्या हाताने दगड छातीशी धरून वाहायचा. शेवटचा मळा विकत घेणारा व्यापारी म्हणाला, "डेगही द्या बाई, नाहीतर मळा घेऊन मी काय करू?" देस्पाबाई म्हणाल्या, "मळा माझा होता, तो दिला. डेग शाळेची आहे." त्याने किंमत पाडली. त्यांनी पाडू दिली.

शाळेचे दार उघडले त्या दिवशी त्यांच्याजवळ अंगावरचे कपडे आणि डोक्याचा रुमाल एवढेच होते. पाचवी खोली नव्हती. लोकांनी चारातली एक त्यांना राहायला देऊ केली, तर रागावल्या. "ती तिसरीची खोली आहे." त्या छपरीतच राहिल्या, माझ्याजवळ. रुसा डोंगरापलीकडे जाऊन शिकून आली, मास्तरीण झाली. आठाचा पाढा तिने आल्या आल्या देस्पाबाईंकडून म्हणवून घेतला.

सहा हिवाळे त्यांनी छपरीत काढले. वारा आत यायचा. शाळेत शेगडी होती, तिचे सरपण मुलींच्या खोल्यांनाच पुरत नसे, म्हणून त्या आपल्या चुलीचे लाकूडही तिकडे पाठवायच्या. मी गार पडायचे आणि त्याही. एकदा जानेवारीत रुसा सकाळी निखारे घेऊन आली तेव्हा देस्पाबाई माझ्या अंगाला टेकून बसल्या होत्या. रुसाने दोनदा हाक मारली. मग निखारे जमिनीवर ठेवले आणि शाळेच्या दिशेने धावत सुटली. पंचावन्न वर्षांच्या होत्या. दिमानाबाईंच्या शेजारी त्यांना पुरले.

त्यानंतरचे माझे आयुष्य थोडक्यात सांगते. छपरी पडली. मी अंगणात आले. काही वर्षे मुलांना प्यायचे पाणी माझ्यात भरत, मग धुणे भिजवत, मग चुना कालवला आणि बुडाला भोक पडले. कोणीतरी माती भरून फुले लावली, ती एका उन्हाळ्यात वाळली. मला त्याचे काही वाटले नाही. शाळा भरत होती. सव्वाशे वर्षे भरत होती. मुली आल्या, पुढे मुलगेही आले, त्यांच्या नाती आल्या.

मग गाव रिकामे होऊ लागले. कारखाना बंद पडला, लोक मोठ्या शहरात गेले, परदेशात म्हातारी माणसे सांभाळायला आणि संत्री तोडायला गेले. वर्गात वीस मुले राहिली, मग अकरा, मग चार. नऊ वर्षांपूर्वी एक कागद आला. पट पुरेसा नाही, शाळा बंद. दोन माणसे मोटारीतून आली, त्यांनी दाराला कुलूप लावले, एकजण माझ्यावर पाय ठेवून बुटाची नाडी बांधत होता. चार मुले आता बसने दुसऱ्या गावी जातात. त्यांतली एक सहा वर्षांची आहे. अंधारात घरून निघते, बसमध्ये झोपते आणि म्हणे वर्गातही झोपते. तिची आई म्हणते, पुढच्या वर्षी पाठवायची की नाही बघू.

त्या कुलपाच्या दिवशी दारासमोर कोणी आले नाही. मी वाट पाहिली. सबंध गावातून एकजण तरी येईल, म्हणेल, थांबा. पडदे हलले. दार कोणाचेही उघडले नाही. मी होते, पण मी पोकळ भांडे. पाऊस पडला तर थोडी वाजते, तेवढाच माझा आवाज.

मित्रांनो, मला घासून पुसून कुठे मांडून ठेवा, असे मी म्हणत नाही. तांबे आहे, वितळवले तर दुसरे काही होईल. पण तुमच्याही गावात कुठेतरी एखादी लहानशी शाळा असेल. तिचा पट कमी झाला असेल आणि कधीतरी तिच्यासाठी असा कागद निघेल. त्या दिवशी पडदा सारून पाहू नका. बाहेर या आणि त्या दारासमोर उभे राहा. सोबतीला कोणी नसेल, लोक वेडे म्हणतील, तरी उभे राहा.

देस्पाबाई एकट्याच होत्या.